फुकटातलं फॉरेन?

आज सकाळची मिस्सा (चर्चमधली सामूहिक प्रार्थना) संपल्यावर चर्चच्या आवारात एका ओळखीच्या गृहस्थांनी गाठलं. "काय, ताईंचा नाताळ यंदाही तिकडेच? मजा आहे बुवा सिस्टर लोकांची, फुकटात फॉरेन!" बाजूचे चार जण हसले. मी गप्प राहिलो. घरी आलो तरी डोकं तापलेलंच आहे, म्हणून लिहितोय.

माझी ताई सिस्टर, म्हणजे व्रतस्थ नन आहे आणि ती आफ्रिकेत, टांझानियात असते. डोडोमाच्या बाजूला एका खेड्यात ती आणि आणखी दोन सिस्टर मिळून दवाखाना चालवतात. अकरा वर्षं झाली. डिसेंबरात तिथे पाऊस सुरू होतो आणि पावसाच्या मागोमाग मलेरिया. आपण इथे तारे टांगत असतो तेव्हा तिच्याकडे व्हरांड्यात तापाने फणफणलेली पोरं झोपवलेली असतात.

तीन वर्षांपूर्वीची २४ तारखेची रात्र मी विसरणार नाही. आमच्याकडे साडेदहा, तिथे आठ. आई करंज्यांचा शेवटचा घाणा तळत होती. मी फोन तिच्या कानाशी नेला, तर पलीकडून ताई म्हणते, "आई, बोलू नकोस. फोन कढईजवळ धर." आईने धरला. करंजी तेलात सोडल्याचा चर्र आवाज, झारा कडेवर आपटल्याचा आवाज. दोन-तीन मिनिटं कुणी काही बोललं नाही. मग तिकडे कुणीतरी तिला घाईघाईने हाक मारली आणि फोन कट झाला.

याला मजा म्हणतात?

हो, तिने स्वतःहून निवडलंय, कुणी ढकललं नव्हतं. मान्य. सैनिकही स्वतःहूनच जातो, पण सणाला त्याला घर आठवलं तर आपले डोळे भरून येतात. सिस्टरने व्रत घेतलं की तिला आई आठवायची नाही, असं कुणी ठरवलं?

आणि हेच लोक संत गोन्सालो गार्सियांच्या सणाला पुढच्या बाकावर बसतात. आपल्या वसईचा पोरगा, कोवळ्या वयात जपानला गेला. १५९६च्या डिसेंबरात पहारे बसले, ५ फेब्रुवारी १५९७ला नागासाकीत क्रुसावर चढवलं. म्हणजे त्यांचा शेवटचा नाताळ कैदेत गेला. संत म्हणून जाहीर केलं ते १८६२ला. अडीचशेहून जास्त वर्षांनी हार घालायला सगळे तयार, आज जिवंत असलेल्या मुलीची मात्र चर्चच्या दारात टिंगल.

जाऊ दे. तिच्या नाताळाबद्दलच लिहितो, म्हणजे माझाही राग उतरेल.

तिथे गुलमोहर डिसेंबरात फुलतो! आपल्याकडे मे महिन्यात, तिथे ऐन नाताळात. पहिल्या वर्षी तिला ते पटेचना. तिचा नाताळ म्हणजे वसईची थंडी, अंगावर शाल, येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्यात भाताचा पेंढा आणि करवंटीत आधीपासून पेरून उगवलेली नाचणीची हिरवळ. आता तीच पोरांना घेऊन गुलमोहराच्या फांद्या तोडून आणते आणि बाळ येशूच्या मागे तो लालभडक ढीग रचते. फोटो आईच्या देव्हाऱ्याला लावलेला आहे. मिस्सेत बायका आनंदाने जीभ हलवून किलकारी मारतात, अर्पणाच्या वेळी नाचत पुढे येतात. आणि जेवणाला काय, तर पिलाऊ आणि चपाती. त्यांच्याकडेही तिला चपातीच म्हणतात आणि ती सणाला करतात. आपण रोज डब्यात नेतो ती. आईला हे ऐकून फार आनंद झाला होता. "म्हणजे माझ्या पोरीला सणाचं करता येतं," म्हणाली.

तीन वर्षांपूर्वीच्या त्या रात्री फोनवर असताना ताईला हाक का आली ते दुसऱ्या दिवशी कळलं. चार वर्षांचा एक मुलगा, मलेरिया डोक्यात गेलेला, झटके येत होते. वीज गेलेली. ताई रात्रभर टॉर्च धरून त्याच्या सलाईनपाशी बसली. मध्यरात्रीची मिस्सा चुकली. नाताळची मिस्सा आयुष्यात पहिल्यांदा चुकली, असं सांगताना तिचा आवाज कापरा झाला होता. सकाळी त्या पोराने डोळे उघडून खायला मागितलं, तेव्हा तिने चपातीचा तुकडा चहात बुडवून भरवला.

आणि मी काय केलं होतं? तिचा फोन कट झाल्यावर पुन्हा लावला नाही. पाहुणे आले होते. सकाळी तिला मेणबत्त्यांचं चित्र असलेला एक फॉरवर्ड पाठवून दिला. ते मला अजून टोचतं.

ज्यांच्या घरातलं कुणी असं लांब आहे, सिस्टर असो, फादर असो, त्यांनी कृपा करून यंदा फॉरवर्ड पाठवू नका. फोन करा. नाही लागला तर परत करा. तिकडची रेंज जाते, येते.

परवा २४ तारीख. आमच्या करंज्या आता दुपारीच तळून होतात, आईचे गुडघे रात्री साथ देत नाहीत. पण एक घाणा ती ओल्या फडक्याखाली झाकून ठेवते, साडेदहासाठी.