म्हाइंभट वर्गात येतात तेव्हा

दर वर्षी बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला ‘लीळाचरित्र’, म्हणजे महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांच्या आठवणींचा ग्रंथ, सुरू करताना पहिल्या दिवशी मी प्रस्तावना सांगत नाही. यादवकाल, महानुभाव पंथ, आद्य गद्यग्रंथ हे शब्द फळ्यावर येण्याआधी मी एक लीळा, म्हणजे स्वामींच्या आयुष्यातला एक छोटा प्रसंग, सावकाश, मोठ्याने वाचते आणि वाचून झाल्यावर कोणालाही काही विचारत नाही. मग तीच लीळा पुन्हा वाचते. दुसऱ्या वाचनाच्या मध्यावर कुठेतरी मागच्या बाकांवर हालचाल सुरू होते. दोन वर्षांपूर्वी अशाच एका दिवशी एक मुलगा, जो पहिल्या वर्षभरात वर्गात एक वाक्यही बोलला नव्हता, उभा राहिला आणि म्हणाला, “मॅडम, हे तर आमच्या आज्जीवानी बोलतेत.”

हे वाक्य ऐकण्यासाठी मी शिकवते, असे म्हटले तरी चालेल. बावीस वर्षे शिकवते आहे, त्यातली पहिली काही सोडली तर शब्द दर वर्षी थोडे वेगळे असतात, पण ते वाक्य कोणीतरी बोलतेच, आणि दर वर्षी मला तितकाच आनंद होतो.

आमचे महाविद्यालय पैठणपासून एसटीने तासाभराच्या अंतरावर, एका तालुक्याच्या गावी आहे. वर्गातली बहुतेक मुले आसपासच्या खेड्यांतून येतात. अनेकांच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेले तेच पहिले असतात. ती बोलताना ‘ऐक’ न म्हणता ‘आइक’ म्हणतात, ‘निघालो’ न म्हणता ‘निगालो’ म्हणतात, दिवसाला ‘दिस’ म्हणतात, आणि त्यांच्या घरातली म्हातारी माणसे रडणाऱ्या पोराला ‘उगा राहा’ असे सांगतात. शाळेत या प्रत्येक शब्दाखाली लाल शाईची रेघ आलेली असते. माझ्या एका विद्यार्थिनीने मला सांगितले होते की, आठवीत तिने ‘आइकलं’ म्हटल्यावर तिच्या बाईंनी सगळ्या वर्गाला तो शब्द तिच्याच सुरात म्हणायला लावला होता, आणि त्यानंतर दहावीपर्यंत तिने वर्गात हात वर केला नाही. तीच मुलगी जेव्हा छापील पानावर, सातशे वर्षांपूर्वीच्या मजकुरात, ‘आइकिलें’ वाचते, पुढच्याच ओळींत ‘निगाले’ वाचते, आणि ‘उगे’ म्हणजे गप्प हे शब्दार्थ न पाहता तिला कळते, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे उमटते ते पाहणे हे माझ्या आयुष्यातले मोठे सुख आहे. शहरात वाढलेल्या, उत्तम गुण घेऊन आलेल्या मुलांना त्या दिवशी टीपा पाहाव्या लागतात, आणि या मुलीला लागत नाहीत. जुनी मराठी आधी तिच्या कानाला ओळखीची वाटते, व्याकरण मागून येते.

पहिली काही वर्षे मी असे शिकवत नव्हते. तेव्हा मी वर्गात येऊन लेखनकाल, भाषेची सात वैशिष्ट्ये आणि चक्रधरांच्या व्यक्तिमत्त्वाचे आठ पैलू लिहून देत असे, आणि मुले ते मान खाली घालून उतरवून घेत. परीक्षेत तेच परत येई. उत्तरपत्रिका तपासताना एकदा लक्षात आले की सलग चाळीस उत्तरांत एकाही मुलाने एकाही लीळेतला एकही प्रसंग सांगितलेला नाही, सगळ्यांनी माझेच पैलू मला परत केले आहेत. त्या सुट्टीत मी स्वतः लीळाचरित्र पहिल्यापासून पुन्हा वाचले, एकांक, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध, आणि तेव्हा मला जे दिसले ते मी तोवर कोणालाही दाखवलेच नव्हते याचे फार वाईट वाटले.

मला तेव्हा दिसले ते हा ग्रंथ लिहिणारे म्हाइंभट. परंपरेनुसार हे मोठे विद्वान गृहस्थ चक्रधरांना वादात हरवण्याच्या ईर्ष्येने त्यांच्याकडे आले आणि शिष्य होऊन राहिले. चक्रधर उत्तरापंथे, म्हणजे उत्तरेकडे, निघून गेल्यावर मागे राहिलेली मंडळी वऱ्हाडातल्या ऋद्धिपुरात एकत्र आली. आपल्या स्वामींच्या आठवणी लिहून ठेवल्या नाहीत तर त्या माणसांबरोबरच संपतील, ही जाणीव ज्यांना झाली ते म्हाइंभट. शके १२०० च्या सुमाराचा हा काळ आहे, ज्ञानेश्वरीच्याही काही वर्षे आधीचा. चक्रधरांचे पट्टशिष्य नागदेवाचार्य यांना जे आठवत होते ते म्हाइंभटांनी त्यांच्याकडून घेतले आणि बाकीच्या आठवणींसाठी ते गावोगाव हिंडले. ज्याने स्वामींना पाहिले होते, ज्याने त्यांना एक वेळ जेवू घातले होते, ज्याच्या ओसरीवर ते टेकले होते, अशा माणसांना गाठून त्यांनी विचारले. कोणत्या गावी, कोणत्या देवळात, कोण जवळ होते, काय विचारले, काय उत्तर मिळाले, हे सगळे त्यांनी उतरवून घेतले. मोठ्या पुरुषाचे चरित्र लिहिताना त्याचे शिंकणे, हसणे, कोणाची तरी समजूत काढणे, कोणावर तरी रागावणे हे गाळावे असे त्यांना वाटले नाही, आणि म्हणूनच तेराव्या शतकातल्या मराठवाड्याच्या आणि वऱ्हाडाच्या वाटा, बाजार, भाकरी आणि भांडणे आज आपल्यापर्यंत पोहोचली आहेत.

मुलांना यातला सर्वांत आवडणारा भाग पुढचा असतो. मूळ पोथी खालशाच्या, म्हणजे सुलतानी फौजेच्या, धाडीत नाहीशी झाली, असे पंथ सांगतो. मग ज्यांना लीळा पाठ होत्या त्यांच्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा केला गेला, आणि त्यांत हिराइसा ही स्त्री होती. माणसे वेगळी म्हटल्यावर आठवणींतही फरक पडणारच. त्या वेळी कोणी असे ठरवले नाही की एकच पाठ खरा आणि बाकीचे फेकून द्या. अमुक एकाला असे आठवते आणि तमुक एकीला तसे, म्हणून दोन्ही ठेवले. या पाठभेदाला महानुभावांचा शब्द आहे ‘वासना’. आज या शब्दाचा अर्थ अरुंद झाला आहे, त्यामुळे पहिल्यांदा मुले एकमेकांकडे पाहतात. पण मनात जे वास करून राहिले ते, असा अर्थ एकदा उलगडला की तो शब्द त्यांचा होतो. पुढे या पोथ्या सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत बंद झाल्या, त्यांची किल्ली पंथाबाहेरच्या अभ्यासकांना विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मिळाली, आणि तोवर मराठी वाङ्मयाच्या इतिहासाला आपल्या पहिल्या गद्याचा धड पत्ताच नव्हता. हे सांगितल्याच्या दुसऱ्या दिवशी दोन-तीन वह्यांच्या मुखपृष्ठांवर स्वतः तयार केलेल्या लिपीत नावे लिहिलेली दिसतात.

नागदेवाचार्यांचे एक वाक्य मी दर वर्षी फळ्यावर लिहिते आणि आठवडाभर पुसू देत नाही. संस्कृतात प्रश्न विचारणाऱ्या विद्वान शिष्यांना ते म्हणाले होते : “तुमचा अस्मात् कस्मात् मी नेणें गा : मज श्रीचक्रधरें निरूपिली मऱ्हाटी : तियाचि पुसा.” नागदेवाचार्यांना संस्कृत कळत नव्हते म्हणून ते असे बोलले, असे एखादा विद्यार्थी म्हणतो, आणि मग त्यावर तासभर चर्चा होते. पंथाचे ज्ञान संस्कृतात गेले तर आपल्या पंथातली साधी माणसे, म्हाताऱ्या बायका नागवल्या जातील, ही त्यामागची काळजी होती. नागवणे म्हणजे लुबाडणे. एखाद्याला न कळणाऱ्या भाषेत ज्ञान ठेवणे ही त्याची लूट आहे, हे इतक्या थोड्या शब्दांत मराठीत पुन्हा कोणी सांगितले असेल असे मला वाटत नाही. ज्या मुलांनी आपल्या आजीच्या बोलीबद्दल शाळेत मान खाली घातलेली असते, त्यांना हे वाक्य समजावून सांगावे लागत नाही.

एका लीळेबद्दल मात्र सविस्तर लिहिले पाहिजे. स्त्रियांच्या विटाळासंबंधी चक्रधरांनी जे सांगितले ते आज अनेकांना ऐकून माहीत आहे : शरीराच्या द्वारांतून जसे इतर मळ बाहेर पडतात तशीच हीही एक धातू स्रवते आणि मग थांबते, तिचा विटाळ धरू नये. मी नोकरीच्या सुरुवातीला ही लीळा गाळत असे. मुले-मुली एकत्र बसलेली, मी नवी, गाव लहान, अशी कारणे मी स्वतःला देत होते. पुढे एके वर्षी ठरवून वाचली. वर्गात पूर्ण शांतता होती आणि माझा स्वतःचा आवाज मला जड वाटत होता. तास संपल्यावर चार मुली थांबल्या. त्यांतली एक म्हणाली, “मॅडम, हे खरंच तेव्हाचं आहे का, की तुम्ही आमच्यासाठी घातलं?” मी पुस्तक तिच्या हातात दिले. तिने ती ओळ स्वतः बोट ठेवून वाचली, वही काढून उतरवून घेतली आणि पानाचा क्रमांकही लिहिला. त्या चार दिवसांत तिला घरात वेगळे बसावे लागत होते, हे तिने मला बऱ्याच महिन्यांनी सांगितले. घरी जाऊन तिने काय केले हे मी विचारले नाही. पण पानाचा क्रमांक लिहून घेणे म्हणजे काय हे मला त्या दिवशी समजले : आपल्या बाजूने बोलणारे कोणीतरी सातशे वर्षांपूर्वी होते, याचा पुरावा तिला जवळ हवा होता.

तेव्हापासून मी ही लीळा आणि लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ची सुरुवातीची पाने एकापाठोपाठ वाचते. १८५७ च्या धामधुमीत आजोळच्या आजोबांना फाशी झाली आणि त्यानंतर वडिलांना सोवळ्याचे जे वेड लागले त्याने सगळे घर कसे वेठीला धरले, हे लक्ष्मीबाई सांगतात, आणि त्या ते इतक्या मोकळेपणाने सांगतात की मुले हसता हसता गप्प होतात. दोन ग्रंथांत सहाशेहून अधिक वर्षांचे अंतर आहे. जुना ग्रंथ पुढे आणि नवे घर मागे, हे पाहून ‘काळ पुढे जातो तसा माणूस सुधारतो’ ही समजूत मुले स्वतःच तपासू लागतात. मला त्यात एक शब्दही घालावा लागत नाही. लक्ष्मीबाईंनाही औपचारिक शाळा मिळाली नव्हती, त्यांचे गद्यही बोलण्याच्या जवळचे आहे, आणि म्हाइंभटांनी धरलेला मराठी गद्याचा सूर त्यांच्या पानापानांवर पुन्हा ऐकू येतो.

अभिजात ग्रंथ आजच्या मुलांना झेपत नाहीत, त्यांना सोप्या मराठीत सारांश द्यावा, हे मत मी अनेक बैठकांत ऐकले आहे आणि त्याला माझा मनापासून विरोध आहे. सारांशातून प्रसंग कळतो आणि आवाज जातो. आमच्या मुलांचा या ग्रंथांवर जो हक्क आहे तो आवाजाचाच आहे. बाजारातल्या गाईडमधून लीळाचरित्र शिकलेला मुलगा त्याला ‘महान ग्रंथ’ म्हणतो आणि विसरून जातो. मूळ लीळा मोठ्याने वाचलेला मुलगा ‘महान’ हा शब्द वापरत नाही, पण एसटीत शेजारच्याला ती लीळा सांगतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला तेव्हा मला खरोखर आनंद झाला होता, आणि त्याच संध्याकाळी मनात आले की आमच्या तालुक्यातल्या किती घरांत लीळाचरित्राची एक प्रत असेल. आमच्या ग्रंथालयात असलेल्या दोन प्रती बाकावरून बाकावर फिरून जीर्ण झाल्या आहेत. त्या जीर्ण पानांचा मला अभिमान वाटतो, पण दोन प्रतींत साठ मुले वाचतात हेही खरे आहे.

याचा नोकरीला काय उपयोग, असे पालक विचारतात आणि ते विचारणे रास्त आहे. कापसाचा भाव पडलेल्या वर्षी मुलाची फी भरणाऱ्या माणसाने हा प्रश्न विचारायचा नाही तर कोणी विचारायचा? मी त्यांना खोटे आश्वासन देत नाही. लीळाचरित्र वाचून तलाठ्याची परीक्षा उत्तीर्ण होता येत नाही. मात्र जो मुलगा वर्षभर बोलला नव्हता तो त्या एका वाक्यानंतर बोलू लागला, हे मी पाहिले आहे, आणि माझ्या दृष्टीने त्याचे मोल कमी नाही.

गेल्या वर्षी मी मुलांना म्हाइंभटांचे काम करायला सांगितले. आपापल्या गावात जा, १९७२ च्या दुष्काळाची एकच कोणतीही घटना निवडा, ती पाहिलेल्या किमान तीन माणसांना भेटा आणि ते जसे बोलतील तसेच, त्यांच्याच शब्दांत लिहून आणा. शुद्धलेखन सुधारायचे नाही आणि आठवणी जुळत नसतील तर जुळवायच्या नाहीत. मिलोची लाल ज्वारी, सुकडी, रोजगाराच्या कामावर फोडलेली खडी, विकलेले बैल, असे कितीतरी वह्यांतून आले. आठवी ते दहावी वर्गात हात वर न केलेल्या त्या मुलीने आपल्याच घरातली एक गोष्ट आणली होती. तिच्या आजोबांच्या सांगण्यानुसार त्या वर्षी त्यांनी बैलजोडी बाजारात नेऊन विकली, पैसे मोजून घेतले आणि घरी परतले. चुलत आजोबांनीही जवळपास तेच सांगितले होते. त्याखाली तिने एक ओळ मोकळी सोडून, अधोरेखित करून लिहिले होते : ‘आजीची वासना’. आजीला आठवत होते ते असे, की बैल विकून आल्यावर तिचा नवरा दोन दिस गोठ्यातच निजला आणि तिने त्याला काहीच पुसलं नाही.