आत्याची एफडी आणि ते ३० दिवस

आमची आत्या कराडला राहते. प्राथमिक शाळेत ३१ वर्षं शिकवलं. श्रावणात तिची एफडी पूर्ण झाली, रिन्यू करायला बँकेत गेली. तिथले साहेब म्हणाले, "बाई, यात टाका. एफडीसारखंच आहे, व्याज जास्त." वर हेही सांगितलं, की कंपनीचा फोन येईल, सगळ्याला हो म्हणा. आत्या हो म्हणाली.

गणपतीत गेले तेव्हा कपाटात साड्यांखाली एक जाड पाकीट दिसलं, न फोडलेलं. आत विम्याची पॉलिसी. दरवर्षी १ लाख भरायचे, १० वर्षं! आत्याचं वय ६८. ही फसवणूक आहे, मी तिला दुसरं नाव देणार नाही.

पण पाकिटावर आत्याने, शाळेतल्या सवयीने, मिळाल्याची तारीख पेनने लिहून ठेवली होती. त्याला १९ दिवस झाले होते. त्या तारखेनेच आम्हाला वाचवलं.

आयुर्विम्याची पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. याला 'फ्री लूक' म्हणतात. एप्रिल २०२४ च्या आधी साध्या, कागदी पॉलिसीला १५च दिवस मिळायचे. जितके दिवस विमा चालू होता तेवढ्याचा खर्च, वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचा आणि स्टॅम्प ड्यूटी कापून बाकी पैसे परत मिळतात. अर्ज विमा कंपनीला लेखी द्यायचा आणि त्याची पोच घ्यायची. नुसतं शाखेत तोंडी सांगून "बघतो" ऐकून घरी यायचं नाही, त्यात दिवस निघून जातात. कंपनीने नाकारलं किंवा महिनाभर उत्तरच दिलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. त्यांची कार्यालयं मुंबईत आहेत, पुण्यातही आहेत. फी नाही, वकील लागत नाही.

हे सगळं कळल्यावरही आत्या अडून बसली. "साहेबांना वाईट वाटेल गं. चांगले आहेत ते, खुर्ची देतात." मला सगळ्यात जास्त त्रास याचा झाला. आपली माणसं पैसे जातील म्हणून जेवढी घाबरत नाहीत, तेवढी समोरच्याचं मन मोडेल म्हणून घाबरतात, आणि विकणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं.

तुमच्या आईवडिलांच्या कपाटात असं पाकीट असेल तर आजच फोडा. पहिल्या पानावर 'प्रीमियम भरण्याचा कालावधी' शोधा. पाकीट कधी आलं तेही विचारा.

शेवटी आत्या माझ्याबरोबर कंपनीच्या ऑफिसात आली. मुलगा अर्ज ठेवून घेत होता, तेव्हा तिनेच दुसरी प्रत पुढे सरकवली. "यावर शिक्का मारा बाळा, आणि तारीख घाल."