मिरवणुकीतला ड्रॉप: एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, प्रतिक्रिया रोखठोक आहे, म्हणून उत्तरही तसंच देतो. ड्रॉप म्हणजे रिमिक्समध्ये ताण चढवत नेल्यावर ठोका आणि बेस (खालचा, घुमणारा आवाज) एकदम परत पडतात तो क्षण. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: 'ड्रॉपच्या आधी बेस काढा, एक बीट पूर्ण शांतता ठेवा' हा माझा सल्ला हेडफोनवाल्यांसाठी आहे. मिरवणुकीत आवाज क्षणभर जरी थांबला, तरी जनरेटर गेला समजून पोरं मागे वळून पाहतात. रस्त्यावर ड्रॉप म्हणजे आवाज आणि बेस, बाकी सगळं पुस्तकी; म्हणून तुम्ही ड्रॉपला किकचे (मोठ्या ड्रमच्या खोल ठोक्याचे) चार थर लावता.

जनरेटरच्या मुद्द्यात दम आहे, त्यावर येतोच. पण 'ड्रॉप म्हणजे आवाज' हे काही पटत नाही, आणि न पटण्याचं कारणही मिरवणूकच आहे. रस्त्यावर सिस्टिम निघते तेव्हा ती पहिल्या गाण्यापासून लिमिटरला (आवाज ठरावीक पातळीवर अडवणाऱ्या यंत्रणेला) टेकलेली असते. बिल्ड-अप (ड्रॉपच्या आधीचा चढत जाणारा भाग) तेवढाच, ड्रॉपही तेवढाच. मग ड्रॉपला वर चढायला जागा उरली कुठे? (निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही नियमातली मर्यादा आहे. ती कोण पाळतं, हा विषय आज नको.)

जागा तुम्हालाच करावी लागते, आणि ती ड्रॉपच्या आधीच्या आठ बारमध्ये (एक बार म्हणजे चार बीट). 128 बीपीएमला (मिनिटाला 128 बीट) आठ बार म्हणजे बरोबर 15 सेकंद. या वेळात हाय-पास फिल्टर (खालचे आवाज कापणारा) हळूहळू वर न्या, 250-300 हर्ट्झपर्यंत. सोबत सगळ्या बिल्ड-अपची पातळी दीड-दोन डेसिबल उतरवा, पण एकदम नाही, आठही बारवर पसरून. स्नेअर ड्रमचे ठोके दाट होत असतात, रायझरचा (चढत जाणाऱ्या इफेक्टचा) सूर चढत असतो, त्यामुळे पातळी उतरतेय हे कोणाच्या लक्षातही येत नाही. उलट गाणं तापतंय असंच वाटतं. मग पहिली किक पूर्ण पातळीवर, खालच्या बेससकट. मीटरवर फरक दोन डेसिबलचा दिसेल, पण छातीला 15 सेकंद काहीच मिळालेलं नसतं, त्यामुळे तो धक्का कितीतरी मोठा लागतो.

हे परदेशी वाटत असेल तर नागपूरच्या चितारओळीतून (मूर्तिकारांच्या गल्लीतून) गणपती निघतो तेव्हा ढोल-ताशा पथक ऐका. ढोल थांबतात, ताशे एकटेच कडकडत राहतात, आणि मग सगळे ढोल एकदम पडतात. तेव्हा जनरेटर गेला असं कोणालाच वाटत नाही, कारण आवाज थांबलेलाच नसतो. फक्त खालचा भाग गेलेला असतो.

तुमच्या शंकेचं उत्तरही यातच आहे. 128 बीपीएमला एक बीट म्हणजे 469 मिलिसेकंद. बंद हॉलमध्ये तेवढी पूर्ण शांतता झकास चालते, भिंतींवरून फिरणारा आवाज ती पोकळी भरतो. नागपुरातल्याच इतवारीच्या अरुंद गल्लीतही बऱ्यापैकी चालते. मोकळ्या रस्त्यावर मात्र अर्धी बीट पुरे, आणि तीही कोरी नको: एखादी आरोळी, एक क्लॅप किंवा रिव्हर्बची (घुमत विरणाऱ्या आवाजाची) शेपटी राहू द्या.

स्टिरिओ रुंदीवर फार मेहनत घेऊ नका. बिल्ड-अप अरुंद ठेवून ड्रॉप रुंद करायची युक्ती हेडफोनवर सुंदर लागते. मिरवणुकीच्या सिस्टिम बहुतेक वेळा मोनोवर चालतात, तिथे ती गायब होते. इथे तुमचं 'हेडफोनवालं' बरोबर लागू पडतं.

आता ते किकचे चार थर. माझ्या मते तुमचा ड्रॉप तिथेच ढेपाळतो. चार वेगवेगळ्या किकची तळातली लहर एकाच वेळी वर-खाली होत नाही. एक ढकलते, दुसरी ओढते, आणि बेरीज करायला जावं तर वजाबाकी होते. तळाला एकच किक ठेवा. दुसरी हवीच असेल तर तिचा खालचा भाग कापून फक्त वरचा 'टक' घ्या. बेसला किकवरून साइडचेन द्या (किक पडली की बेस क्षणभर दबतो), पण रिलीज (बेस परत वर यायचा वेळ) इतका ठेवा की पुढची किक पडायच्या आत बेस पूर्ण परत आलेला असेल. म्हणजे 469 मिलिसेकंदांच्या आतच.

आणि गाण्याची पट्टी बघा. खालचा सा 33 हर्ट्झच्या आसपास गेला, तर रस्त्यावरच्या बऱ्याच बेस बॉक्समधून तो नीट निघतच नाही. बॉक्स हलतो, स्पीकरचा पडदा फडफडतो, पण सूर ऐकू येत नाही. मूळ स्वर 44 ते 55 हर्ट्झच्या पट्ट्यात आणा. त्यासाठी रिमिक्स चार-पाच अर्धे सूर (सेमीटोन) वर सरकवावं लागलं तर सरकवा. नाचणाऱ्याला पट्टी बदललेली कळत नाही, बेस गेलेला लगेच कळतो.

चार किकवालं आणि एक किकवालं, दोन्ही व्हर्जन सारख्या पातळीवर आणून त्याच सिस्टिमवर लागोपाठ वाजवा. मग इथेच लिहा, मी वाट बघतो.