जॉइंट स्पॉन्सर चालतो
अमेरिकेतल्या नवऱ्याचा पगार कमी असला की बायकोचा व्हिसा अडकलाच, असं लेखात म्हटलंय. तसं नाही हो. आय-८६४ मध्ये, म्हणजे बायकोला आर्थिक आधार देण्याच्या हमीपत्रात, सरकारी दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के उत्पन्न दाखवावं लागतं हे खरं, पण कमी पडलं तर तिथला नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक जॉइंट स्पॉन्सर, म्हणजे सोबतचा हमीदार, होऊ शकतो. नात्यातलाच हवा असं नाही. आमच्यासाठी यांच्या मित्राने सही केली. पेन हातात धरून त्याने आधी पानन्‌पान वाचलं. बरोबरच होतं त्याचं! नवरा-बायकोचा घटस्फोट झाला तरी आर्थिक आधाराची ही जबाबदारी सुटत नाही. म्हणून कुणाला गळ घालण्याआधी हे स्पष्ट सांगा. आणि जॉइंट स्पॉन्सर मिळाला तरी नवऱ्याला स्वतःचा आय-८६४ भरावाच लागतो. आम्ही तो भरला नव्हता, त्यात दोन महिने गेले.