पोत्यागणिक हमाली

अनोळखी माणसानं इंटरनेटवरून बक्षिसी पाठवली, हे घरात सांगायची सोय नाही. सोयाबीनवरच्या चक्रीभुंग्याचा व्हिडिओ टाकावा, खाली बिटकॉइनचा पत्ता लिहून ठेवावा आणि पंधरा दिवसांनी जगाच्या कुठल्याशा कोपऱ्यातून सहाशे सातोशी येऊन पडावेत. आपण हरखतो. ओसरीवर बसलेले आबा विचारतात, "कोण हाय? कामून दिले?" दोन्हींना उत्तर नाही. यूपीआयवर निदान नाव तरी दिसतं. इथं दाता म्हणजे 'बीसी वन क्यू'नं सुरू होणारी बेचाळीस अक्षरांची ओळ.

सहाशे सातोशी म्हणजे किती? एका बिटकॉइनचे दहा कोटी सातोशी. हिशोबाला सोपं जावं म्हणून बिटकॉइनचा भाव एक कोटी रुपये धरा, म्हणजे सातोशी दहा पैशांना पडला. सहाशेचे साठ रुपये. मोंढ्यात दोघांची भजी नि चहा. अशी वीस दानं जमली की बाराशे रुपये, आणि तमाशा इथून सुरू होतो.

मोंढ्यात हमाली पोत्यागणिक. पोतं अर्धं असो की तोंडापर्यंत, पाठ तेवढीच वाकते. बिटकॉइनचंही अगदी तसंच. पाकिटात, म्हणजे बिटकॉइन ठेवायच्या ॲपमध्ये, 'बाराशे रुपये' अशी एक रास नसतेच. आलेली वीस पोती तशीच वेगवेगळी शिवून ठेवलेली असतात, स्क्रीनवर फक्त त्यांची बेरीज दिसते. पुढं पाठवताना फी लागते ती रकमेवर नाही, व्यवहाराच्या आकारावर. हा आकार व्हर्च्युअल बाइटमध्ये मोजतात. एका पोत्याचे सुमारे ६८, विसांचे १,३६०, वर चाळीसेक किरकोळ. त्या दिवशी दर बाइटला दहा सातोशी असला तर हमाली झाली १४,००० सातोशी. जमा किती? १२,०००. कांदा विकायला नेऊन पदरचे पैसे भरून आलेली माणसं आमच्याकडं आहेत. त्यांना हा हिशोब समजावावा लागत नाही, ते नुसतं "हं" म्हणतात.

उपाय आहे, पण त्याला धीर लागतो. नेटवर्कवरची गर्दी कमी होऊन दर एक-दोन सातोशीवर उतरला की वीस पोत्यांचं एक मोठं पोतं करून ठेवायचं, म्हणजे सगळी रक्कम स्वतःलाच एकदा पाठवायची. गर्दीत नेलेला माल आणि गर्दीत हलवलेलं बिटकॉइन, दोन्हींचं मातेरं. आणि २९४ सातोशीखालचं दान या पत्त्यावर येतच नाही. नेटवर्क त्याला धूळ म्हणतं आणि पुढं ढकलत नाही.

मग कोणी तरी शहाणा सांगतो, लाइटनिंग घे, म्हणजे बिटकॉइनचीच किरकोळ रकमांची झटपट वाट. तिथं एक सातोशीसुद्धा क्षणात येतो, हे खरं. पण स्वतःच्या ताब्यातलं लाइटनिंग पाकीट असेल तर घ्यायच्या वेळी ते ऑनलाइन लागतं. दात्याला आपली आठवण यायला आणि इकडं लाइट जायला एकच गाठ पडते. शिवाय पैसे घ्यायला चॅनेलमध्ये, म्हणजे दोन पाकिटांमधल्या पैशाच्या वाटेत, समोरच्या बाजूला जागा लागते. रिकामं पोतं तुम्हीच पुरवायचं, तेव्हा कुठं तो त्यात टाकणार. पैसे मागायची चिठ्ठी (इन्व्हॉइस) वेगळी मुदत लिहिली नसेल तर तासाभरात शिळी होते. ईमेलसारखा दिसणारा कायमचा लाइटनिंग पत्ता सोपा पडतो, पण तो देणारी बरीचशी ॲप पैसे स्वतःकडं ठेवतात. चहाभज्यांपुरतं ठीक, बियाण्याचा पैसा तिथं ठेवू नये.

यूएसडीटी या दुसऱ्या डिजिटल नाण्याची तऱ्हा निराळी. भाव डॉलरला बांधलेला, म्हणून दात्यांना आवडतं. ट्रॉन नावाच्या साखळीवरून (ब्लॉकचेनवरून) वीस यूएसडीटी आले, पाकिटात दिसतात, पण हलवायला गेलं की 'टीआरएक्स कमी आहे', म्हणजे फी भरायचं ट्रॉनचं स्वतःचं नाणं नाही. गाडीत माल भरलेला आणि बैलाला कडबा नाही. हा कडबा आधी थोडा घेऊन ठेवायचा. पत्ता देताना साखळीचं नाव ठळक लिहायचं. 'टी'नं सुरू होणारा पत्ता ट्रॉनचा, 'झीरो एक्स'चा इथेरियमचा. मात्र तोच झीरो एक्स पॉलिगॉनलाही चालतो. स्वतःच्या पाकिटात पैसे चुकीच्या साखळीवर आले तर नेटवर्क बदलून सापडतात. एक्सचेंजच्या, म्हणजे नाणी खरेदी-विक्रीच्या बाजाराच्या, पत्त्यावर आले तर त्यांच्या मदत-विभागाचा अभंग ऐकत बसायचं.

आता न मागता आलेल्या दानाविषयी. कधी पाकिटात अचानक लाखाची टोकनं, म्हणजे अनोळखी नाणी, दिसतात, सोबत 'इथं जाऊन वटवा' अशी वेबसाइट. तिथं सही केली की आपलं होतं नव्हतं तेही जातं. हात लावू नका, पडू द्या. दुसरा प्रकार शून्य रकमेचा. पुढचीमागची चार-चार अक्षरं आपल्या ओळखीच्या पत्त्यासारखी असलेला कोणी तरी शून्य रुपये पाठवतो, इतिहासात नोंद पडते, आणि पुढच्या वेळी आपण तीच कॉपी करतो. म्हणून पत्ता नेहमी मूळ जागेवरूनच उचलावा आणि मधली अक्षरंही जुळवून बघावीत. तिसरा थेट विचारतो, "दान जमा करायला तुमचे बारा शब्द सांगा." २,०४८ शब्दांच्या यादीतून निघालेले हे बारा शब्द म्हणजे पाकिटाची किल्ली, सगळी तिजोरी. त्यांना 'सीड' म्हणतात, म्हणजे बियाणंच की. पेरायच्या आधी शेजाऱ्याला कोणी पोतं उघडून दाखवतं का? कागदावर लिहायचे, फोटो काढायचा नाही आणि पोथीत ठेवले तर वाळवीकडं लक्ष ठेवायचं.

विकायला निघालात की पट्टी तयार. एक्सचेंजची फी, त्यावर जीएसटी, एक टक्का टीडीएस. दान आलं त्या दिवशीचा भाव उत्पन्नात धरायचा. नंतर भाव चढून विकलं तर वाढीवर तीस टक्के आणि वर सेस, हे १ एप्रिल २०२२ पासून. भाव पडला तर तोटा दुसऱ्या कशातून वजा होत नाही. कामाचा मोबदला नसून निव्वळ भेट असेल, तर वर्षात पन्नास हजारांवर गेली की सगळीच करपात्र. नातेवाइकांकडून आली तर सुटते. त्यामुळं सीए साहेब चष्म्यावरून बघत विचारतात, "हे 'बीसी वन क्यू'वाले आपले कोण लागतात?" तारीख, वेळ, सातोशी, रुपयांतला भाव आणि व्यवहार क्रमांक त्याच दिवशी वहीत उतरवला नाही, तर मार्चअखेर हा व्यवहार शोधता शोधता नाकी नऊ येतात.

एक्सचेंजपेक्षा दोन रुपये जास्त देणारा परस्पर गिऱ्हाईक भेटला तर माझं म्हणणं, सोडून द्या. त्याचे पैसे तिसऱ्याच माणसाच्या खात्यातून येतात, तो तिसरा फसवला गेलेला असतो, परराज्यात सायबर तक्रार होते आणि गोठतं तुमचं खातं, ज्यात पीकविमा यायचा असतो.

राहता राहिली सप्ताहाची वर्गणी. यूपीआयच्या क्यूआरशेजारी बिटकॉइनचाही लावू, असं गावातल्या पोरांच्या डोक्यात येतंच. परदेशी दात्याचं दान ट्रस्टला घ्यायचं तर एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि तो पैसा दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो, हे अध्यक्षांना आधी सांगा. तरी लावलाच, तर काल्याच्या दिवशी भोंग्यावरून नाव पुकारणाऱ्याची दया करा. "बीसी वन क्यू सात झेड नऊ एक्स… यांजकडून सहाशे सातोशी" एवढं त्यानं एका दमात वाचलं, की मंडपातून कोणी तरी ओरडणारच, "गाव कोणतं म्हणले?"