सोड्याचा हिशेब पुन्हा मांडते आहे

नमस्कार. घरी सोडा करण्याबद्दल मी लिहिलं, त्यावर तुमच्या तीन हरकती आहेत. आठ हजारांचं मशीन घेऊन वीस रुपयांच्या बाटलीवर बचत सांगणं ही दिशाभूल आहे. सिलिंडरमधला कार्बन डायऑक्साइड शेवटी हवेतच जातो, मग पर्यावरणाचं नाव कशाला. आणि अग्निशामक भरून देणाऱ्याकडे तोच सिलिंडर निम्म्या पैशांत भरून मिळतो.

पहिलं तुमचं बरोबर आहे. मशीनची किंमत मी धरलीच नव्हती, ती चूक माझी. काल वही घेऊन बसले. आमच्याकडे रोज पाऊण लिटर सोडा लागतो, बाबांना जेवणानंतर आणि बाकीच्यांना कोकम सरबतात. तेवढी विकतची बाटली 20 रुपयांना येते. 425 ग्रॅमचा सिलिंडर बदलून घ्यायला मला 900 रुपये पडतात. पहिला सिलिंडर 35 लिटरलाच संपला, म्हणजे बाटलीमागे 19 रुपयांच्या वर गेले. बचत नाहीच!

तेव्हा मी माठातलं पाणी घेत होते. बटण दाबलं की फस्सकन आवाज व्हायचा, मोठे बुडबुडे वर यायचे आणि बराचसा वायू तोंडाशीच निघून जायचा. आता बाटली रात्रभर फ्रिजमध्ये असते. 5 अंशांच्या पाण्यात 25 अंशांच्या पाण्यापेक्षा जवळजवळ दुप्पट वायू विरघळतो. आवाज दबका येतो, बुडबुडे बारीक असतात आणि दुपारपर्यंत टिकतात. त्याच सिलिंडरमध्ये 45 लिटर होतात, बाटली 15 रुपयांना पडते. पाच रुपये वाचले, तर मशीन फिटायला 1600 बाटल्या, म्हणजे जवळपास साडेचार वर्षं. ज्यांच्याकडे पाहुणे आले तरच सोडा लागतो त्यांनी मशीन घेऊ नये, असं आता मूळ लेखातही घातलं आहे.

दुसरी हरकत मला पटत नाही. हा वायू सहसा सोड्यासाठी मुद्दाम काही जाळून तयार करत नाहीत. उसाची मळी आंबवून इथेनॉल करताना जवळजवळ इथेनॉलच्या वजनाइतकाच कार्बन डायऑक्साइड निघतो. खतासाठी अमोनिया करतानाही निघतो. तो गोळा करून, शुद्ध करून भरतात. त्याला वीज लागते, हे खरं. पण विकतच्या सोड्यातही हाच वायू असतो. फरक बाटलीचा आहे. दाब सोसावा म्हणून सोड्याची बाटली साध्या पाण्याच्या बाटलीपेक्षा जाड प्लास्टिकची करतात आणि आमच्या घरातून अशा वर्षाला 365 बाहेर जायच्या.

तिसरं मात्र कृपा करून कुणी करू नका, तुम्हीही नाही. 20 अंशांना या सिलिंडरच्या आत हवेच्या दाबाच्या 50 पटींहून जास्त दाब असतो. जास्त भरलेला सिलिंडर उन्हातल्या गाडीत राहिला तर काय होईल, याचा विचार करा. शिवाय आग विझवायचा वायू खाण्यापिण्याच्या शुद्धतेचा असेलच असं नाही. सिलिंडर भरायला परवाना लागतो. तो देणाऱ्या पेसो या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय नागपुरातच आहे. स्वस्तात भरून देणाऱ्याला आधी परवाना विचारा.

शेवटी तुम्ही लिहिलंत की मिरजेत तुमच्या गल्लीत अजून गोटी सोडा मिळतो. मग तुम्हाला मशीन कशाला हवं? हायरम कॉड या इंग्रजाने 1872 साली पेटंट घेतलेली ही बाटली. ती उलटी करून भरतात, आतला दाबच गोटीला मानेतल्या रबरी कडीवर घट्ट बसवतो. ना बूच, ना झाकण. रिकामी बाटली धुऊन परत भरली जाते. माझ्या मशीनपेक्षा हे सरस आहे. आमच्या भागातला तसा कारखाना बंद पडला, म्हणून मी मशीन घेतलं. तुमचा चालू आहे तोवर तिथूनच घ्या. फक्त बाटल्या नीट धुतात ना आणि पाणी कुठलं वापरतात, एवढं एकदा आत जाऊन बघून या.