फिट म्हणजे फक्त तोंडाला फेस नव्हे

कथेतल्या पात्राला आजार द्यायचा तर आधी त्या आजाराची लक्षणं नीट वाचा, असा सल्ला लेखकांना दिला जातो. तो योग्यच. पण लक्षणांच्या यादीने पात्र उभं राहत नाही. अपस्माराचंच, म्हणजे फिट येण्याच्या आजाराचंच घ्या. आपल्या मालिकांत फिट म्हणजे धाडकन पडणं, तोंडाला फेस, कुणीतरी चप्पल हुंगवतं (किंवा कांदा!) आणि पुढच्या सीनमध्ये बाई फ्रेश. खरं तर काही झटक्यांत माणूस पडतच नाही. बोलता बोलता थांबतो, काही चघळत असल्यासारखे ओठ हलवतो, शर्टाचं बटण चाचपत राहतो. मिनिटभराने भानावर येतो, तेव्हा मधलं काहीच आठवत नाही. मोठ्या झटक्यानंतर तर तासन्‌तास ग्लानी, अंगदुखी, चावलेली जीभ. कथा तिथे आहे! गोळी चुकली, जागरण झालं की घरच्यांच्या पोटात गोळा येतो, तिथेही आहे.

आणि काळ सांभाळा. हिंदू विवाह कायद्यात वारंवार फिट येणं हा लग्नाला अडसर होता, तो १९९९च्या दुरुस्तीने काढला. तेव्हा १९८५मधली नायिका गोळ्या पिठाच्या डब्यात लपवत असेल, तर तिला नुसती भित्री म्हणून रंगवू नका.